डोंगर चालणाऱ्याचा

आपल्या सह्याद्रीला इंग्रजांनी 'वेस्टर्न घाट्स' म्हटले आणि पुढे आपणही त्याचे 'पश्चिम घाट' असे भाषांतर करून टाकले. गंमत पाहा, आपल्या भाषेत घाट म्हणजे डोंगर नव्हेच. घाट म्हणजे चढण्या-उतरण्याची वाट. नदीच्या पाण्यात उतरायला पायऱ्या बांधतात तो घाट, आणि खालच्या मुलखातून वर चढायला डोंगराच्या कुशीतून वळत जाते ती वाटही घाटच. सत्तरीतल्या माणसाला डोंगराचे नाव विचाराल तर तो वाघेरी म्हणेल, आणखी एखादा सडा दाखवील. घाट विचाराल तर चोर्ला, केळघाट, दिगी, तिनई ही नावे घेईल, उत्तरेकडचा राम घाट सांगेल. म्हणजे सगळ्या जगात ज्या नावाने ही पर्वतराजी ओळखली जाते ते नाव डोंगराचे नाही, त्याच्या अंगाखांद्यावरून चालणाऱ्यांच्या वाटांचे आहे!

मला हे नाव फार आवडते. पण त्याच शब्दाला एक दुसरे, कडू टोकही आहे. 'घाटी'. घाटावरून उतरून आला तो घाटी. गोव्यात हा शब्द कोणत्या सुरात उच्चारतात ते वाचकांना सांगायला नको. ज्या वाटेवरून आपल्या घरात मिरची, गूळ, तंबाखू आणि भुसार आले, आपले मीठ, नारळ आणि सुपारी जिच्यावरून वर गेली, त्या वाटेने पायी येणाऱ्या माणसाच्या नावाची आपण शिवी केली. माझी आजी खानापूरकडची. लग्न होऊन घाट उतरून आली. तिच्या माघारी तिला 'घाटावरची' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

पायी चालणाऱ्याला कमी लेखणे ही आपलीच खासियत आहे असे मात्र मुळीच नाही. आज डोंगरात चालायला जाणे ही हौसेची गोष्ट झाली आहे. पाठीवर पिशवी, पायांत भारी बूट, चार दिवसांची रजा. पण ही 'चालण्याची सुट्टी' मुळात आली कुठून? ती कुणी शोधली, कुणाला मिळाली, कुणाला नाकारली गेली? तो इतिहास वाचू लागलो आणि लक्षात आले, हा निसर्गप्रेमाचा इतिहास आहे तितकाच हक्काचाही आहे. डोंगर कुणाचा, या एका प्रश्नाभोवती तो फिरतो. तोच इथे थोडक्यात मांडतो.

पायी आला? मग जागा नाही!

१७८२ साली कार्ल फिलिप मॉरित्झ नावाचा एक जर्मन लेखक इंग्लंड पाहायला आला. तरुण होता, हौशी होता. लंडनजवळच्या रिचमंडहून तो पायीच निघाला, ऑक्सफर्ड करीत थेट डर्बीशरच्या डोंगराळ भागातली कॅसलटनची गुहा पाहायला गेला. वाटेत त्याला एक विचित्र अनुभव येऊ लागला. खाणावळवाले त्याला उभे करीनात. कुणी जागा नाही म्हणे, कुणी नोकरांच्या स्वयंपाकघरात बसवी. गुन्हा एवढाच की, हा पायी आला होता. घोडा नाही, बग्गी नाही, म्हणजे भिकारी असणार नाहीतर वाटमाऱ्या! साहेबाच्या देशातला 'घाटी'च म्हणायचा तो.

त्या काळी डोंगर हीसुद्धा पाहायची वस्तू नव्हती. इंग्लंडच्या वायव्येला सरोवरांचा प्रदेश आहे, लेक डिस्ट्रिक्ट. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून गेलेल्या डॅनियल डिफोला (आपल्या रॉबिन्सन क्रूसोचा जनक) तो मुलूख उजाड आणि भयानक वाटला होता. पन्नास वर्षांत नजर बदलली. चित्रकारांच्या निसर्गचित्रांनी लोकांना डोंगर 'पाहायला' शिकवले. १७६९ साली कवी टॉमस ग्रे तिथे गेला तो हातात एक काळसर, फुगीर आरसा घेऊन. याला 'क्लॉड ग्लास' म्हणत. देखाव्याकडे पाठ करून उभे राहायचे, आरसा समोर धरायचा आणि पाठीमागचा डोंगर त्यात चौकटीत बसवून पाहायचा. आजच्या सेल्फीचा हा खापरपणजोबाच! आरशात पाहता पाहता ग्रे एकदा उताणा पडला आणि बोटे खरचटून घेतली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. माणसाची हौस अडीचशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

१७७८ साली टॉमस वेस्टचे सरोवर-प्रदेशाचे मार्गदर्शक पुस्तक आले. कोणत्या ठिकाणी उभे राहून कोणता देखावा पाहावा हे त्यात सांगितलेले. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपले (१७९३ ते १८१५, मधला थोडा काळ सोडून) आणि युरोपची सहल बंद पडली. तेव्हा श्रीमंतांचे पाय घरच्याच डोंगरांकडे वळले.

पण तिथे खऱ्या अर्थाने *चालणारा* माणूस म्हणजे विल्यम वर्डस्वर्थ. शाळेत 'डॅफोडिल्स' न शिकलेला गोमंतकीय विरळा. ती फुले त्याने १८०२ च्या एप्रिलमध्ये बहीण डोरोथीबरोबर अल्स्वॉटर तळ्याच्या काठाने पायी जाताना पाहिली, आणि ती कशी दिसली हे आधी डोरोथीने रोजनिशीत लिहिले. कॉलेजात असताना, १७९० च्या सुट्टीत, हा गडी एका मित्राबरोबर फ्रान्समधून आल्प्सपर्यंत पायी जाऊन आला होता. त्याचा परिचित लेखक डी क्विन्सी याने हिशेब मांडला होता की, वर्डस्वर्थ आयुष्यात पावणेदोन लाख मैलांहून अधिक चालला असावा. चालणे म्हणजे दारिद्र्य नव्हे, चालणे म्हणजे विचार करणे, हे त्याने आणि त्याच्या मित्रांनी सुशिक्षितांच्या गळी उतरवले.

आणि इथेच कथेला वळण लागते. १८४४ साली विंडरमियर सरोवरापर्यंत रेल्वे आणायचे ठरले तेव्हा तिला विरोध करायला उभा राहिला तो हाच वर्डस्वर्थ, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. त्याचे म्हणणे असे की, निसर्ग पाहण्याची नजर सावकाश, संस्काराने घडते. गिरणगावांतून गाड्या भरभरून माणसे आणून ओतली तर त्यांनाही त्याचा लाभ नाही आणि डोंगराचेही नुकसान. माणूस थोर, पण आपण जिथे चाललो तिथे दुसऱ्यांनी येऊ नये असे त्याला वाटलेच. रेल्वे थांबली नाही. १८४७ साली ती आली.

दुसऱ्याच्या पायांनी

याच काळात आपल्या सह्याद्रीतही साहेबांनी डोंगरातली सुट्टी सुरू केली होती. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस महाबळेश्वर वसवायला घेतले. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानवर चढून गेला आणि तिथे पुढे वस्ती झाली. रिचर्ड बर्टन हा अवलिया आजारपणाची रजा काढून १८४७ साली गोवा पाहून नीलगिरीत गेला. त्यावरचे त्याचे पुस्तक १८५१ साली आले आणि त्याच्या नावातच गोवा आणि 'निळे डोंगर' शेजारी शेजारी बसले आहेत.

पण या थंड हवेच्या ठिकाणांवर साहेब चढे तो बहुधा पालखीतून, डोलीतून, तट्टावरून. संध्याकाळी पॉइंटावर फिरून येणे म्हणजे चालणे. सामान, मडमा, पोरे, पियानोसुद्धा वर नेणारे पाय दुसऱ्यांचे असत. घाट चढणाऱ्या त्या पायांना सुट्टी नव्हती, मजुरी होती. आपल्याकडे चालणे भरपूर होते. पंढरीची वारी होती, यात्रा होत्या, लमाणांचे तांडे होते, माहेरपणे होती. पण पंढरीचा वारकरी देवासाठी चाले, लमाण पोटासाठी, सासुरवाशीण आईसाठी. नुसते चालण्यासाठी चालायची चैन कुणाला परवडत नव्हती.

मग ती कष्टकऱ्याला परवडू लागली ती कशी? त्यासाठी पुन्हा इंग्लंडलाच, पण कवींच्या नव्हे, गिरण्यांच्या इंग्लंडला जावे लागते.

गिरणीवाल्यांची सुट्टी

लँकेशायरच्या सूतगिरण्यांचे कापड हिंदुस्थानच्या बाजारात येई आणि इथल्या विणकरांच्या पोटावर पाय आणी, हे आपण शाळेत शिकलो. त्या गिरण्यांत राबणारी माणसे कशी जगत, हे मात्र शाळेत कुणी शिकवले नाही. धुराने काळवंडलेली गावे, यंत्रांचा कान किटवणारा आवाज, आणि वर्षातून एक आठवडा गिरणी बंद. त्या आठवड्याचा पगार नाही. वर्षभर पै पै साठवायची आणि सगळे गाव ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी जाऊन ती उधळून यायचे, असा रिवाज. पगारी रजेचा कायदा तिथे १९३८ साली झाला.

कोल्न नावाच्या अशाच एका गिरणगावात टॉमस आर्थर लेनर्ड हा पाद्री होता. त्याला वाटे, या माणसांना याहून बरी सुट्टी मिळायला हवी. १८९१ च्या जून महिन्यात तो तीसेक गिरणी-कामगारांना घेऊन सरोवर-प्रदेशातल्या अँबलसाइडला गेला. साधी राहणी, दिवसभर डोंगरात चालणे, संध्याकाळी गप्पा आणि गाणी. वर्डस्वर्थ ज्यांना येऊ देऊ नका म्हणत होता तीच माणसे, त्याच्याच अंगणात! आणि त्यांनी डोंगर विद्रूप केला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेली. १८९३ साली यातून सहकारी तत्त्वावर सुट्ट्यांची व्यवस्था करणारी एक संस्था उभी राहिली. काही वर्षांनी लेनर्डला वाटू लागले की, संस्थेत पांढरपेशेच फार झाले, ज्यांच्यासाठी काढली ते मागे पडले. तेव्हा १९१३ साली त्याने दुसरी संस्था काढली. आपण सुरू केलेले काम कुणाच्या हाती गेले हे पाहून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारी माणसे थोडी असतात.

युथ हॉस्टेलची कल्पनाही याच काळातली. १९०९ साली रिचर्ड शिरमान हा जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळात सापडला. एका शाळेने आसरा दिला. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत चालणाऱ्या मुलांची सोय का करू नये, हा विचार त्याला त्या रात्री सुचला. १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात कायमचे वसतिगृह सुरू झाले. भारतातल्या युथ हॉस्टेल संघटनेने गोव्यात अनेक हिवाळे भटकंतीची शिबिरे भरवली. देशभरातून येणारी ती मुले ज्या पथारीवर झोपतात तिचे मूळ असे एका वादळी रात्रीत आहे.

कुंपण

सुट्टी मिळाली, पण चालायचे कुठे? मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन मोठ्या कारखानदारी शहरांच्या मध्ये उंच, उघडा, वाऱ्याचा माळ पसरला आहे. शहरातून तो दिसतो, पण त्यावर पाऊल टाकायची बंदी. एकेकाळी गावाच्या सामाईक असलेल्या जमिनी कायदे करून खाजगी झाल्या होत्या आणि वर्षातले थोडे दिवस तितर-जातीच्या ग्राउस पक्ष्यांची शिकार करायला मालक येत. बाकी सगळे वर्ष राखणदार काठ्या घेऊन उभे. आपल्याकडे भाटकाराच्या कुंपणावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र परके वाटायचे नाही.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये बोल्टन गावाजवळच्या विंटर हिलवर जाणारी जुनी वाट जमीनमालकाने बंद केली, तेव्हा एका रविवारी हजारो माणसे (दहा हजारांच्या आसपास होती म्हणतात) फाटक ओलांडून वर गेली. पुढाऱ्यांवर दावा झाला, ते हरले. त्याच वर्षी शेजारच्या डार्वेन गावच्या लोकांनी मात्र आपला माळ भांडून मोकळा करून घेतला आणि १८९८ साली त्यावर एक मनोरा बांधला. हे डार्वेन आपल्या ओळखीचे आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये, परदेशी कापडावरच्या बहिष्काराने बेकार झालेल्या गिरणी-कामगारांना भेटायला गांधीजी गेले ते याच गावी. दीडेक वर्षापूर्वीच दांडीला पायी चालत जाऊन एका कायद्याला आव्हान देऊन आलेला हा माणूस, आणि पायी चालत जाऊन माळ मिळवलेले ते गाव!

त्यानंतर सातच महिन्यांनी, २४ एप्रिल १९३२ रोजी, किंडर स्काउटची घटना घडली. बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा वीस वर्षांचा यंत्रकामगार पुढारी. स्टेशनवर पोलीस आपल्याला अडवतील म्हणून तो सायकलने हेफील्डला गेला. दगडाच्या खाणीत सभा झाली आणि चारशेच्या आसपास तरुण-तरुणी गाणी म्हणत बंदीच्या माळावर चढल्या. राखणदारांशी थोडी झटापट झाली. परतताना धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली, रॉथमनला चार महिने. भटकंती करणाऱ्यांच्या अधिकृत संघाचा या मोहिमेला विरोध होता, हेही सांगायला हवे. अर्ज-विनंत्या बिघडतील अशी त्यांना भीती होती. पण झाले उलटेच. केवळ चालण्यासाठी तुरुंग! सामान्य माणसाला ही शिक्षा रुचली नाही.

एकट्या त्या मोर्चाने कायदे बदलले असे म्हणता येणार नाही. कितीतरी माणसे कितीतरी वर्षे खपत होती. पण कायदे बदलले खरे. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांच्या नोंदीचा कायदा झाला. १९५१ साली पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते हाच पीक डिस्ट्रिक्ट. १९६५ साली, पुन्हा २४ एप्रिललाच, पेनाइन वे ही २६८ मैलांची पायवाट खुली झाली. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने तिची कल्पना १९३५ साली मांडली होती. तीस वर्षे लागली. आणि २००० साली उघड्या माळांवर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क कायद्यात आला. २००२ मध्ये, किंडरच्या सत्तराव्या स्मृतिदिनी, तेव्हाचे ड्यूक ऑफ डेव्हनशर तिथे आले आणि आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी कायदेशीर तरतूद, जी तिथे १९३२ च्याच कायद्यात आली. एखाद्या वाटेने लोक सलग वीस वर्षे विनाअडथळा, हक्काने चालत आले असतील, तर ती वाट लोकांची. कागद नको, शिक्का नको. पायांनी उमटवलेला दाखला! आपल्याकडच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही शेजाऱ्याच्या जमिनीतून जायच्या वाटेसाठी वीसच वर्षांचा हिशेब आहे. जमीन सरकारी असेल तर तीस. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. वाट चालल्याने हक्क येतो. चालणे थांबले की दाखला पुसट होत जातो.

बस, पेन आणि गिरणीतल्या फरशा

वाटांची नोंद एक माणूस किती करू शकतो, याचेही उदाहरण तिथेच आहे. आल्फ्रेड वेनराइट हा ब्लॅकबर्न या गिरणगावचा, गरिबीत वाढलेला मुलगा. १९३० साली तेविसाव्या वर्षी त्याने सरोवर-प्रदेश पहिल्यांदा पाहिला आणि तो हरखूनच गेला. पुढे केंडल नगरपालिकेत तो खजिनदार झाला. १९५२ मध्ये त्याने ठरवले की, तिथला प्रत्येक डोंगर चढायचा आणि त्याच्या वाटा लिहायच्या. मोटार चालवता येत नव्हती. आठवडाभर नगरपालिकेचे हिशेब, सुट्टीच्या दिवशी बसने डोंगर. १९५५ ते १९६६ या काळात सात पुस्तके, २१४ डोंगर. प्रत्येक पानावरचे अक्षर त्याच्या हाताचे, प्रत्येक नकाशा आणि चित्र त्याचेच. माणूस एकलकोंडा, आणि त्याचीच पुस्तके हातात घेऊन हजारो माणसे डोंगरात येऊ लागली!

हजारो पायांनी डोंगर झिजतो, हेही खरे. वर्डस्वर्थची भीती अगदीच पोकळ नव्हती. पेनाइन वेवरची दलदलीची माती बुटांनी तुडवून तुडवून इतकी खचली की, वाट कित्येक वार रुंद चिखल झाली. त्यावर त्यांनी बंदी घातली नाही. बंद पडून पाडल्या गेलेल्या सूतगिरण्यांतल्या दगडी फरशा उचलून आणल्या, हेलिकॉप्टरने डोंगरावर टाकल्या आणि एकेक करून वाटेवर बसवल्या. ज्या फरशांवर उभे राहून आजा-पणजांनी आयुष्यभर यंत्रे चालवली, त्यांच्यावरूनच आज माणसे सुट्टीत चालतात. याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.

आपल्या वाटा

आता आपल्या घाटांकडे परत येऊ. तांबडी सुर्लचे महादेव मंदिर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कदंबकालीन, काळ्या दगडाचे, चारी बाजूंनी रान. "इतक्या आडजागी देऊळ का बांधले?" असे सहलीला आलेले लोक हटकून विचारतात. ती आडजागा नव्हतीच! घाट चढू लागायच्या आधीचा तो पायथा. वाटेवरचे देऊळ होते; वाट मेली आणि देऊळ आडजागी गेले.

वाटा कशा मेल्या? १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकला रेल्वे चढली आणि बैलांचे तांडे ओसरू लागले. आंबोलीचा गाडीरस्ता झाला तसा राम घाट मागे पडला. १९५५ च्या सत्याग्रहानंतर सीमा आवळल्या गेल्या, आगगाडी थांबली, आणि घाटावरच्या मामाकडे जाणे हा १९६१ च्या मुक्तीपर्यंत गुन्ह्यासारखा प्रकार झाला. मुक्तीनंतर मोटारी आल्या. रान राखायला अभयारण्ये झाली, म्हादईचे १९९९ साली. ती हवीच होती. पण वाटेचा राबता गेला आणि घाणेरी, करवंदाच्या जाळ्या तिथे चढल्या.

आता तरुण मुले पुन्हा डोंगराकडे वळली आहेत, आणि आपल्यापाशी त्यांना द्यायला वाट नाही. जुलै २०२३ मध्ये दूधसागर पाहायला रेल्वेच्या रुळांवरून चालत निघालेल्या शेकडो पर्यटकांना अडवले गेले, काहींना रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर फिरली. रुळांवरून चालणे जिवावरचे आहे, ते थांबवायलाच हवे. पण रुळांवरून का चालतात? कारण तीच एक सरळ वाट त्यांना ठाऊक असते. त्याच महिन्यात नेत्रावळीतल्या एका धबधब्यावर दोघे बुडाले आणि अभयारण्यांतले धबधबे पावसाळ्यात बंद झाले. बंदी घालणे सोपे असते. वाटा नोंदणे, त्यांची डागडुजी करणे, किती माणसे कधी जावीत ते ठरवणे, आणि सोबत स्थानिक गावकराला, धनगराला वाटाड्या म्हणून रीतसर मोबदला देऊन नेणे, हे कठीण. धनगराला डोंगर पाठ असतो. त्याला नकाशात जागा नसते, एवढेच.

आणि प्रश्न रानातल्याच वाटांचा नाही. गावाबाहेरच्या डोंगरावर, सड्यावर, नदीकाठाला आज ज्या वेगाने जमिनी विकल्या जात आहेत, त्या वेगाने फाटके उभी राहत आहेत. 'वाट बंद' अशी पाटी लागली की आपण दोन दिवस चरफडतो आणि मोटारसायकलला किक मारून लांबून जातो. तिसऱ्या वर्षी तिथे वाट होती हे सांगणाराही उरत नाही. लँकेशायरच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या गिरणीवाल्यांना जे कळले ते आपल्या शिकल्या-सवरल्या गावांना कळू नये?

म्हणून एक सुचवावेसे वाटते. येत्या हिवाळ्यात आपापल्या वाड्यावरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि विचारा, माहेरी कुठल्या वाटेने जायची? बाजाराला कुठून? गुरे कुठे नेत? ओझे कुठे टेकवत, पाणी कुठे पीत, कुठल्या दगडापाशी नारळ ठेवत? नावे लिहून घ्या. वाटेच्या प्रत्येक वळणाला नाव असते. मग पोरांना घेऊन, ज्यांच्या रानातून जायचे त्यांना विचारून, ती वाट एकदा चाला. पुढच्या वर्षी पुन्हा चाला. वेनराइटकडेही बस आणि पेन यापलीकडे काही नव्हते.

माझ्या आजीने घाटाची वाट चाळीस वर्षांत किती वेळा चढली-उतरली, ते मी मोजलेले नाही. तिने कधी त्याला सुट्टी म्हटले नाही, सहल म्हटले नाही. पण वर पोचल्यावर मागे वळून खालचा मुलूख पाहत ती थोडा वेळ बसत असे, एवढे तिने सांगितलेले आठवते. देखावा पाहायला तिला कुणा कवीची शिफारस लागली नाही. घाटावरून आलेल्या बाईला घाट दिसत होता. या डोंगराला जगभर ज्या वाटांचे नाव आहे, त्या तिच्यासारख्यांच्या पायांनी पडल्या. 'घाटी' हा शब्द पुन्हा ओठांवर आला तर तेवढे आठवावे.